मॉडेल मालगाडीचं वेदरिंग: या चुका टाळा

वेदरिंग म्हणजे मॉडेलवर गंज, मळ, ओघळ रंगवून ते वापरलेलं दाखवणं. त्यातली सगळ्यात मोठी चूक ब्रश हातात घेण्याआधीच होते. फोटो न बघता, डोक्यातल्या गंजानं डबा रंगवायला घेतो आणि बॉक्सएन वॅगन (कोळसा वाहणारा उघडा डबा) चारही बाजूंनी सारखीच नारिंगी होते. मनमाडसारख्या जंक्शनच्या पादचारी पुलावरून कोळशाची रेक पाच मिनिटं न्याहाळा. नारिंगी दिसतो तो ताजा ओरखडा. जुना गंज चॉकलेटी, जवळपास काळा असतो. आतला पत्रा बाहेरच्यापेक्षा कितीतरी खराब असतो, आणि आपण नेमकी आतली बाजूच विसरतो. काही डब्यांवर नंबरापुरताच पट्टा ताजा रंगवलेला असतो. तो पट्टा स्वच्छ ठेवलात तर बाकीचा मळ आपोआप खरा वाटतो.

मापही सांभाळा. एचओ या मॉडेल रेल्वेच्या मापाचं प्रमाण 1:87, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या 87 पट लहान. दीड मिलिमीटरचा ओघळ खऱ्या डब्यावर 13 सेंटिमीटर रुंद होईल! त्यासाठी 000 नंबरचा ब्रश घ्या आणि वरून खाली, एका दमात ओढा.

पातळ रंगाचा वॉश दिल्यावर कडा उमटल्या, तर पाणी एका जागी साचून वाळलंय असं समजा. डबा आडवा ठेवू नका. ओलसर ब्रश वरून खाली फिरवत राहा. वाळलेला डाग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं निघतो, पण त्याबरोबर कारखान्याची अक्षरंही जाऊ शकतात. आधी डब्याच्या पोटाखाली करून बघा.

गंज-धूळ दाखवायची रंगीत पावडर गुळगुळीत प्लास्टिकवर टिकत नाही, म्हणून आधी मॅट व्हार्निश द्या. शेवटच्या व्हार्निशनंतर निम्मी पावडर गायब झाल्यासारखी दिसते. त्यामुळे ती थोडी जास्तच लावा आणि व्हार्निश लांबून, हलक्या दोन-तीन फवाऱ्यांत मारा.

आणि पावसाळ्यात फवारा मारूच नका. गेल्या जुलैत माझ्या एका डब्यावर दुधाळ थर चढला, दोन आठवड्यांचं काम झाकलं गेलं. मला वाटलं सगळं खरवडावं लागणार. ऊन पडल्यावर त्याच व्हार्निशचा हलका हात दिला आणि रंग परत आला. मॅट लॅकरवर अल्कोहोलचा वॉश दिला तरी असाच पांढुरका थर येतो, उपाय तोच.

चाकांच्या बाहेरच्या बाजू जरूर रंगवा. पण रुळाला टेकणारा भाग आणि आसाची टोकं कोरी ठेवा, नाहीतर डबा अडखळतो. फवारण्याआधी कपलरवर (डबे जोडणाऱ्या आकड्यावर) मास्किंग टेप लावा. व्हार्निश आत गेलं की तो चिकटून बसतो. मग चिमूटभर ग्रॅफाइट पावडर घालून तो हातानं उघडझाप करत मोकळा करा.