सेवासंस्थांची उत्पादक कार्यक्षमता कशी मोजावी

कारखान्यातून बाहेर पडलेला माल मोजता येतो. रुग्णालयाचे किंवा बँकेच्या शाखेचे उत्पादन कोणते, हे मात्र आधी ठरवावे लागते, आणि मोजमापाचा खरा कस तिथेच लागतो. म्हणून आकडेमोडीपूर्वी संस्था कोणासाठी काय करते, ते लिहून काढावे. भरलेल्या खाटा हे रुग्णालयाचे उत्पादन नव्हे. पूर्ण झालेले उपचार हे उत्पादन होय. त्यातही साधा ताप आणि अवघड शस्त्रक्रिया एकाच मापाने मोजल्या, तर कठीण रुग्ण स्वीकारणारे रुग्णालयच अकार्यक्षम ठरते. हा अन्याय टाळण्यासाठी आजाराच्या गुंतागुंतीनुसार गट पाडून प्रत्येकाला वेगळा भार, म्हणजे मोजणीतले वजन, द्यावा. निविष्ठांची, म्हणजे सेवा देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गोष्टींची, यादी त्यामानाने सोपी असते: कर्मचाऱ्यांचे तास, जागा, साधने, साहित्यावरचा खर्च.

तुलना सरासरीशी करू नये. अर्थशास्त्रज्ञ फॅरेल यांनी 1957 मध्ये मांडलेली कल्पना अशी, की प्रत्यक्षात दिसलेल्या सर्वोत्तम कामगिरीपासूनचे अंतर मोजावे. समजा, एका कार्यालयात 10 कर्मचारी महिन्याला 400 अर्ज निकाली काढतात आणि दुसऱ्यात 12 कर्मचारी तशाच स्वरूपाचे 600. दरडोई 40 आणि 50 अर्ज, म्हणजे पहिल्याची सापेक्ष कार्यक्षमता 0.8.

निविष्ठा आणि सेवा अनेक असतील, तर चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांची 1978 मधील डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस ही पद्धत वापरावी. ती रेषीय प्रोग्रामिंगच्या, म्हणजे ठरावीक मर्यादांत सर्वोत्तम उत्तर शोधणाऱ्या गणिती तंत्राच्या, साहाय्याने प्रत्येक संस्थेला तिच्यासाठी सर्वांत अनुकूल भार देते आणि तिला बाजारभाव लागत नाहीत. ज्यांच्या सेवेला किंमतच नसते अशा सार्वजनिक संस्थांना ती म्हणूनच विशेष सोयीची आहे. खासगी संस्थेत निविष्ठांचे दर ठाऊक असल्याने त्यांचे मिश्रण किफायतशीर आहे का, हेही तपासावे. नफ्यालाच कार्यक्षमता मानू नये, कारण तो मक्तेदारीतून आकारलेल्या चढ्या दरांचाही असू शकतो.

संस्थांची संख्या निविष्ठा आणि सेवा यांच्या एकूण संख्येच्या निदान तिप्पट असावी, असा व्यवहारातला दंडक आहे. त्याहून कमी असल्यास बहुतेक सर्वच कार्यक्षम ठरतात. आकारमानात मोठा फरक असल्यास याच पद्धतीचे 1984 चे बदलत्या प्रमाण-उत्पन्नाचे प्रारूप घ्यावे; निविष्ठा वाढवल्या की सेवाही त्याच प्रमाणात वाढते, असे ते गृहीत धरत नाही. एका संस्थेची चुकीची नोंदही सर्वोत्तम कामगिरीची संपूर्ण सीमारेषा हलवू शकते, त्यामुळे 1 हा गुण मिळवून पूर्ण कार्यक्षम ठरणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या नोंदी मूळ दप्तरातून पडताळून घ्याव्यात आणि त्यानंतरच इतरांना त्यांचे गुण कळवावेत.