गणपतीला गावी जाताना मांजरांची सोय, आमची तयारी

आमचा गावचा गणपती अकरा दिवसांचा, कुडाळजवळ, म्हणजे जाणं-येणं धरून तेरा दिवस घर बंद, आणि इकडे पुण्यात नवी पेठेतल्या फ्लॅटमध्ये चिंगी आणि ढब्बू. चिंगी आठ वर्षांची, ढब्बू पाच वर्षांचा बोका, नसबंदी झालेला. त्यांना गावी न्यायचं नाही हे पक्कं आहे, कारण तिथे घरात चाळीस-पन्नास माणसं, दारं सताड उघडी, मागे रान, आणि घाबरलेलं मांजर अनोळखी जागेत एकदा बाहेर पळालं की हाका मारून येत नाही, कुठेतरी आठ-आठ दिवस दबून बसतं. त्यापेक्षा स्वतःच्या वासाच्या घरात राहिलेली बरी. दरवर्षी कोणीतरी विचारतं की तुम्ही कसं करता, म्हणून यावेळी सगळं सलग लिहून काढतेय.

सुरुवात तिकिटाच्या दिवशीच करायची. रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ च्या आधी १२० दिवस होतं) आणि कोकणातल्या माणसाला ती तारीख पाठ असते, तर तिकीट निघालं की त्याच संध्याकाळी मांजरांसाठी माणूस बोलून ठेवायचा. आदल्या आठवड्यात विचारलं तर पुण्यात गणपतीत कोणीच मोकळं नसतं, प्रत्येकाच्या घरी आरती, पाहुणे, कोणाचं ढोल पथक.

माणूस एक नाही, दोन ठरवायचे. आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावरची कॉलेजला जाणारी मुलगी रोज सकाळ-संध्याकाळ येते, आणि तिला ताप आला किंवा अचानक कुठे जावं लागलं तर समोरच्या काकू. किल्ली दोघींकडे वेगवेगळी. एक दिवसाआड येऊन बघते असं कोणी म्हणालं तर प्रेमाने नाही म्हणायचं. भांडंभर ड्राय फूड आणि बादलीभर पाणी ठेवून गेलं की मांजर राहतं हा समज अजून खूप घरांत आहे पण तो खरंच धोक्याचा आहे. मांजर चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करायची वेळ आलेली असते, आणि दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी लिव्हरमध्ये साठायला लागते, गुबगुबीत मांजरात तर जास्तच, आणि मग ते मांजर वाचवणं अवघड होऊन बसतं. दिवसातून दोनदा कोणी बघणारं असेल तर हे पहिल्याच दिवशी लक्षात येतं.

जायच्या दोन आठवडे आधीपासून ती मुलगी तीन-चार वेळा येते, आम्ही घरात असतानाच, आणि खाणं तीच देते, लिटर, म्हणजे मांजरांच्या शी-शूची वाळू, तीच काढते, आम्ही आतल्या खोलीत. नंतर एका संध्याकाळी आम्ही मुद्दाम बाहेर जातो आणि ती एकटी किल्लीने उघडून येते. आमचं लॅच जरा वर ओढून फिरवावं लागतं, ते तिला पहिल्या वर्षी कळलंच नव्हतं, बिचारी दारात वीस मिनिटं उभी होती. अशा गोष्टी आपण असतानाच कळलेल्या बऱ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, चिठ्ठी. बहुतेक जण चिठ्ठीत काय करायचं ते लिहितात, किती वाटी खाऊ, कुठे लिटर, संपलं. मी आता आधी लिहिते ते रोजचं मांजर कसं असतं ते. म्हणजे चिंगी सकाळी खाऊ घातला की लगेच खात नाही, अर्ध्या तासाने येते, त्यात काळजी नाही. पण संध्याकाळी ती दाराशी आली नाही तर शोधायचं. ढब्बू अनोळखी आवाजाला पलंगाखाली जातो, ओढून काढायचं नाही, पण खाऊच्या डब्याचा आवाज केल्यावरही नाही आला तर मात्र बघायचं. चिंगी महिन्यातून एक-दोनदा केसांचा गोळा ओकते, ठीक आहे, एका दिवसात दोन-तीनदा ओकली तर ठीक नाही. लिटरमध्ये ढब्बूचे लघवीचे दिवसाला दोन ते तीन मोठे गोळे होतात. हे शेवटचं वाक्य मी तीन वर्षांपूर्वी सहज लिहिलं होतं आणि त्याच वाक्याने ढब्बू वाचला.

झालं असं की गौरी आल्या त्या दिवशी संध्याकाळी मुलगी आली तर सकाळपासून लिटरमध्ये एकही मोठा गोळा नाही, आणि ढब्बू सारखा जाऊन बसतोय, जोर लावतोय, दोन थेंब, परत उठतोय. बघणाऱ्याला वाटतं बद्धकोष्ठ असेल. पण बोक्यांची लघवीची नळी अरुंद असते, त्यात खडे किंवा चिकट घाण अडकली की लघवी तुंबते, आणि पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. तिने चिठ्ठी वाचली होती म्हणून तिला हे नेहमीचं नाही एवढं कळलं, काकूंना उठवलं, दोघी त्याला कॅरियरमध्ये, म्हणजे मांजर न्यायच्या पेटीत घालून रिक्षाने निघाल्या. आणि पहिल्या दवाखान्यात त्यांना सांगितलं की मालकाच्या परवानगीशिवाय आम्ही भूल देणार नाही. त्यांची बाजू मी समजू शकते, पण मी गावात, आमच्या वाडीत रेंज नाही, शाळेजवळचा चढ चढून गेलं तर एक काडी मिळते. त्यांनी मला सतरा फोन लावले. शेवटी रात्री दुसऱ्या डॉक्टरांनी काकूंच्या सहीवर नळी घालून लघवी मोकळी केली आणि मला हे सगळं कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी. त्या चढावर बसून मी किती रडले ते माझं मला माहीत.

तेव्हापासून आमच्या तयारीतला पहिला कागद म्हणजे संमतीपत्र. साध्या मराठीत, तारीख घालून, दोन्ही मांजरांची नावं, वय, वजन, आणि माझ्या गैरहजेरीत ती मुलगी आणि काकू यांपैकी कोणीही भूल, सलाईन, एक्स-रे, ऑपरेशन, ॲडमिट, यातल्या कशालाही संमती देऊ शकते, मला फोन लागला नाही तरी. एवढ्या रकमेपर्यंत विचारूच नका, त्यापुढे गेलं तरी आधी उपचार सुरू करा, हेही लिहायचं. खाली सही. एक प्रत काकूंकडे, एक दाराजवळच्या फाईलमध्ये, एक आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेऊन द्यायची आणि समोर बसून बोलायचं. पैसे आधीच काकूंच्या खात्यात टाकून ठेवायचे, गावात यूपीआयला पण रेंज लागते ना. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याच्यावर मांजर सोपवताय त्याला निर्णय घ्यायचा हक्कही सोपवा, नुसती किल्ली देऊन होत नाही.

त्याच फाईलमध्ये दवाखान्यांचे नंबर, आणि गणपतीत कुठला दवाखाना कोणत्या दिवशी बंद ते फोन करून विचारून लिहिलेलं. पहिल्या दिवशी बरेच बंद असतात. आणि अनंत चतुर्दशी वेगळीच गोष्ट आहे. आमचे डॉक्टर कोथरूडला, आम्ही नवी पेठेत, आणि लक्ष्मी रोड, टिळक रोड, कुमठेकर रोड, केळकर रोड सगळ्या मिरवणुका येऊन अलका टॉकीज चौकात मिळतात, म्हणजे लकडी पुलाचा विचारही करायचा नाही. म्हात्रे पुलाकडून जायचं असं चिठ्ठीत मोठ्या अक्षरात लिहिलंय, आणि पोलीस बंद रस्त्यांची यादी काढतात ती त्या दिवशी आधी बघून ठेवायची. मिरवणूक चोवीस तासांच्या वर चालते, तेव्हा दुसरा दिवस उजाडला म्हणून रस्ते मोकळे झाले असं धरायचं नाही.

आवाजाचंही तेच. ढोल-ताशा आणि स्पीकरच्या भिंतींनी आपल्या छातीत धडधडतं तर त्यांचं काय होत असेल. आतली खोली रस्त्यापासून लांब आहे, तिथे खिडकी बंद, जाड पडदा, पंखा चालू, कपाटाखाली जुनी दुलई आणि माझा न धुतलेला एक कुर्ता, दोन पुठ्ठ्याचे खोके आडवे करून. विसर्जनाच्या दिवशी मुलगी जमेल तेवढा वेळ तिथेच अभ्यासाला बसते.

घरातली बाकीची पाहणी मी जमिनीवर बसून, मांजराच्या उंचीने करते. गॅलरीला कबुतरांची जाळी आहे तिची कडेची दोरी सुटली आहे का, खिडकीच्या साध्या मच्छरजाळीवर भरवसा ठेवायचा नाही कारण ती मांजराच्या वजनाने निघते. वॉशिंग मशीनचं झाकण बंद, कपाटं बंद करण्याआधी आत हात घालून बघायचं, चिंगी एकदा साड्यांच्या कप्प्यात अडकली होती. सुई-दोरा, सजावटीच्या रिबिनी, राखीचे उरलेले धागे उचलून ठेवायचे, दोरा गिळला तर आतडी गोळा होतात. आणि शेपटाकडून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, डॉक्टरकडे जायचं, हे चिठ्ठीत आहेच. लिलीची फुलं घरात नकोत, नुसते परागकण चाटले तरी मांजराची किडनी जाऊ शकते. कामवाल्या मावशींना सांगायचं की आम्ही नसताना फरशी नुसत्या पाण्याने, फिनेल नको, कारण मांजर त्यावरून चालतं आणि पाय चाटतं आणि ते त्यांच्या शरीराला पचवता येत नाही. क्रोसिन वगैरे पॅरासिटामॉलची एकही गोळी मांजराला द्यायची नाही, त्याने मांजर मरतं, हे लाल पेनाने.

खाण्याचं फार नाही. आहे तेच खाणं, जायच्या तोंडावर ब्रँड बदलायचा नाही, आणि तेरा दिवसांचं लागेल त्यापेक्षा पाच दिवसांचं जास्त ठेवायचं कारण घाटात दरड आली तर आपण दोन दिवस उशिरा पोचू शकतो. पावसाळ्यात ड्राय फूड मऊ पडतं म्हणून स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. मुंग्या लागतात त्यावर जुना उपाय, वाटी पाण्याच्या ताटलीत. ओल्या खाण्याचा पाऊच उघडून दिला तर तासाभरात राहिलेलं उचलून टाकायचं. पाणी तीन ठिकाणी, खाण्यापासून लांब, रोज बदलून. वेळेवर खाऊ टाकणारं मशीन आमच्याकडे आहे, लाईट गेली तर बॅटरीवर चालतं, पण ते मी मदत म्हणून लावते, माणसाच्या जागी नाही.

लिटर बॉक्स मांजरं अधिक एक, म्हणजे आमचे तीन. जायच्या सकाळी तिन्ही पूर्ण रिकामे करून धुऊन नवीन लिटर. स्कूप, पिशव्या, हात धुवायचा साबण एकाच बादलीत.

डॉक्टरांकडे तपासणी महिनाभर आधी. ट्रायकॅट (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस) आणि रेबीजची लस बघायची, राहिली असेल तर तेव्हाच द्यायची, आदल्या दिवशी देऊन उपयोग नसतो कारण असर यायला वेळ लागतो. पिसवांचं औषध डॉक्टरांनी दिलेलंच, कुत्र्याचं अर्धं लावलं असं कधीही करू नका, त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं आणि मांजराला त्याने झटके येतात.

घरी यायला कोणीच नसेल तर बोर्डिंग, माझ्या बहिणीने केलंय. तिने न सांगता दुपारी जाऊन बघितलं, नाकाला काय वास येतो, मांजरं कुत्र्यांच्या भुंकण्यापासून लांब आहेत का, रात्री तिथे माणूस झोपतो का, लसीचं कार्ड मागतात का. कार्ड न मागणारी जागा तिने सोडून दिली आणि मला ते बरोबर वाटतं, आपलं मागितलं नाही म्हणजे शेजारच्या पिंजऱ्यातल्याचंही मागितलं नसणार.

निघायच्या आदल्या रात्री बॅगा बाहेर दिसल्या की ढब्बू त्यात जाऊन बसतो, बसू देते. सकाळी दोघं कुठे आहेत ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुलूप लावायचं नाही, घाईत एखादं जिन्यात सुटलेलं असतं. कॅरियर हॉलमध्ये उघडा, आत टॉवेल, म्हणजे वेळ आली तर शोधाशोध नको. सोसायटीच्या ग्रुपवर आम्ही चाललो असं टाकत नाही, फक्त वॉचमनकाकांना सांगते की या दोघी येतील. मुलगी रोज दोन फोटो पाठवते, एक मांजरांचा आणि एक लिटरचा, मी संध्याकाळी आरतीआधी चढावर जाऊन बघते.

परत आल्यावर चिंगी अर्धा दिवस पाठ करून बसते, तिला बसू द्यायचं. त्या दिवशी दुसरं काही काम ठेवायचं नाही, दोघांच्या अंगावरून हात फिरवून बघायचा, वजन करायचं, लिटर बघायचं, आणि मग खाजं, कोकम आणि चार नारळ घेऊन आधी तिसऱ्या मजल्यावर, मग समोर काकूंकडे.