३० सप्टेंबरच्या आत घेतलेल्या ईव्हीचं टॅक्स क्रेडिट कसं मागायचं

अमेरिकेत इलेक्ट्रिक गाड्यांवरचं टॅक्स क्रेडिट, म्हणजे भरायच्या करातून थेट वजा होणारी रक्कम, बंद करणारं विधेयक मे २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, तेव्हा बहुतेक कंपन्यांच्या गाड्यांना वर्षअखेरपर्यंत मुदत होती. सिनेटने ती आणखी अलीकडे ओढली आणि ४ जुलैला सही झालेल्या कायद्यात ३० सप्टेंबर २०२५ ही तारीख आली. नव्या गाडीचे कमाल ७,५०० डॉलर आणि जुन्या (सेकंडहँड) गाडीचे कमाल ४,००० डॉलर, दोन्ही त्याच दिवशी संपले.

पण ही तारीख गाडी दारात येण्याची नाही. त्या दिवसापर्यंत बंधनकारक लेखी करार झाला असेल आणि काही रक्कम भरली असेल, तर डिलिव्हरी नंतरची चालते. रक्कम नाममात्र असली किंवा जुनी गाडी बदल्यात दिली असली तरी हरकत नाही. क्रेडिट मात्र गाडी ताब्यात आली त्या वर्षाच्या रिटर्नमध्ये मागायचं. कधीही रद्द करून पैसे परत मिळणारं ऑनलाइन बुकिंग म्हणजे बंधनकारक करार नव्हे. लोक नेमके इथेच फसतात. दोन्ही सह्यांचा, तारखेचा करार आणि पैसे भरल्याची पावती एकत्र ठेवा.

आता डीलरचा कागद. विक्रीचा अहवाल त्याने आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या आयकर खात्याच्या, पोर्टलवर गाडी देताना किंवा त्यानंतर तीन दिवसांत भरायचा असतो आणि तुम्हाला प्रत द्यायची असते. ती नुसती फाइलला लावू नका. विंडशील्डखालच्या पट्टीवरचा १७ अक्षरांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) त्याच्याशी एकेक अक्षर ताडून पाहा. व्हीआयएनमध्ये आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात. कुठे ओ दिसला तर तिथे शून्य हवं होतं. आयआरएसने अहवाल स्वीकारलेला नसेल तर रिटर्न अडकतं, म्हणून चूक दिसली की आधी डीलरला गाठा.

मग रिटर्नसोबतचा फॉर्म ८९३६ आणि प्रत्येक गाडीसाठी त्याचं शेड्यूल ए. क्रेडिट डीलरकडेच किमतीतून वळतं करून घेतलं असलं तरी हे दोन्ही भरावेच लागतात. वळतं केलं नसेल तर ते तुमच्या करापुरतंच मिळतं: कर ५,२०० डॉलर असेल तर ७,५०० पैकी उरलेले २,३०० बुडाले, पुढच्या वर्षी नेता येत नाहीत.

उत्पन्नाची मर्यादा नव्या गाडीला जोडप्याच्या एकत्र रिटर्नसाठी ३ लाख डॉलर, एकट्यासाठी दीड लाख. जुन्या गाडीला याच्या निम्मी. गाडी ताब्यात आली ते वर्ष किंवा त्याआधीचं, यांपैकी एका वर्षी मर्यादेत असलात तरी पुरतं. आपल्या लोकांचा हिशेब दोन गोष्टींवर चुकतो. एक, वर्षअखेरीला हाती आलेले आरएसयू, म्हणजे नोकरीत कंपनीकडून मिळणारे शेअर. दुसरी, पुण्यातल्या एफडीचं व्याज आणि फ्लॅटच्या भाड्याचं निव्वळ उत्पन्न. अमेरिकेचे कर-रहिवासी असाल तर हे सगळं मोजलं जातं, आणि दोन्ही वर्षी मर्यादा ओलांडली असेल तर डीलरकडे घेतलेलं क्रेडिट परत भरावं लागतं.

घरच्या चार्जरचं क्रेडिट वेगळं आहे: खर्चाच्या ३० टक्के, कमाल १,००० डॉलर, मुदत ३० जून २०२६. पत्ता पात्र जनगणना-क्षेत्रात, म्हणजे कमी उत्पन्नाच्या किंवा बिगरशहरी भागात, असावा लागतो. पैसे खर्च करण्याआधीच ते तपासायचं. आणि इथे करार कामाचा नाही, चार्जर त्या तारखेपर्यंत बसून चालू झालेला हवा.