लकव्याच्या रुग्णाचा एमआरआय: पहिल्या काही तासांत या चुका टाळा

आजोबांच्या अंगावरून वारं गेलं ते सकाळी सातला. चहाचा कप उजव्या हातातून निसटला, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. गावातल्या डॉक्टरांनी बरोबर ओळखलं आणि 'मेंदूचा एमआरआय करून घ्या' अशी चिठ्ठी दिली. तालुक्याच्या सेंटरवर नंबर लागला साडेनऊला, रिपोर्ट मिळाला अकराला आणि मंडळी आमच्या कॅज्युअल्टीत पोचली तेव्हा बाराला पाच कमी होते. मुलाने मोठ्या पाकिटातून फिल्म काढून समोर धरली. "सगळं करूनच आणलंय, साहेब." फिल्म झकास होती. गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत मात्र साडेअकरालाच संपली होती.

मी रेडिओलॉजिस्ट आहे, एमआरआयवर माझं पोट चालतं. तरी सांगतो, आधी सेंटर आणि मग हॉस्पिटल ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मोठी रक्तवाहिनी बंद झाली की सरासरी दर मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात. १०८ ला फोन करा आणि जिथे चोवीस तास सीटी आहे, हे इंजेक्शन देतात, अशा हॉस्पिटलला थेट न्या. तोवर तोंडाने पाणी नाही, घरातली ॲस्पिरिन नाही: गिळता येतंय का माहीत नसतं, आणि मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हेही माहीत नसतं.

'सीटी नको, एमआरआयच करा'

हा हट्ट नातेवाईकांचाही असतो आणि कधीकधी डॉक्टरांचाही. पहिला प्रश्न एकच असतो, रक्तस्राव आहे का? त्याचं उत्तर सीटी काही मिनिटांत देतो. एमआरआयही देतो, पण मशीन शेजारी, रिकामं आणि टीम तयार असेल तरच पहिला मान त्याचा. तेव्हाही एमआरआयच्या चारच प्रकारच्या प्रतिमा घ्या: डीडब्ल्यूआय (पाण्याची हालचाल कुठे अडली ते दाखवणारी), फ्लेअर (पाणी कुठे वाढलं ते दाखवणारी), रक्तासाठी एसडब्ल्यूआय किंवा जीआरई, आणि रक्तवाहिन्यांसाठी टीओएफ. दहा मिनिटांच्या आत हे उरकतं. टेक्निशियनने सवयीने नेहमीचा 'ब्रेन विथ कॉन्ट्रास्ट' (शिरेतून औषध देऊन करायचा लांबलचक स्कॅन) लावला की अर्धा-पाऊण तास गेला. डीडब्ल्यूआय सगळ्यात आधी घ्या. तो मिनिट-दोन मिनिटांत होतो आणि रुग्ण थोडा हलला तरी निभतो. रुग्ण तळमळत असेल तर पुढचं काही मिळेलच याची खात्री नसते.

झोपेतून उठल्यावर लक्षात आलं, म्हणून हात वर करणं

एमआरआयचं खरं राज्य इथे आहे. रात्री दहाला आजी धडधाकट झोपल्या, सकाळी सहाला डावा हात उचलेना. नियमाने घड्याळ शेवटचं ठीक पाहिलं तेव्हापासून, म्हणजे दहापासून धरायचं. आठ तास झाले, विषय संपला! पूर्वी असंच व्हायचं.

रक्तपुरवठा तुटला की पेशींचे पंप बंद पडतात आणि पाणी पेशीत शिरून अडकतं. पाण्याची ही कोंडी डीडब्ल्यूआयवर काही मिनिटांतच पांढरी दिसू लागते. फ्लेअरवर डाग उमटायला त्या भागातलं एकूण पाणीच वाढावं लागतं, त्याला काही तास लागतात. म्हणून डीडब्ल्यूआयवर डाग आणि फ्लेअर कोरा, असं दिसलं तर झटका बहुधा साडेचार तासांच्या आतला, म्हणजे पहाटेचा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'वेक-अप' चाचणीत असेच रुग्ण निवडून अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं औषध दिलं. ९० दिवसांनी जवळपास पूर्ववत झालेले ५३.३ टक्के, औषध न दिलेल्यांत ४१.८ टक्के. मेंदूत मोठा रक्तस्राव मात्र औषधाच्या गटात जास्त झाला, ४ टक्के विरुद्ध ०.४ टक्के. हे नातेवाईकांना आधी सांगा, मग सही घ्या.

चूक होते ती फ्लेअर वाचताना. गुठळीच्या पुढे रक्त संथ वाहतं, त्यामुळे फ्लेअरवर नुसत्या रक्तवाहिन्याच पांढऱ्या दिसतात. त्यांना मेंदूतला डाग समजून हकनाक 'मॅच आहे (म्हणजे दोन्हींवर डाग आहे), उशीर झाला' असं लिहिलेलं मी पाहिलंय. घाईत मीही एकदा लिहिणार होतो.

साडेचार तास उलटले म्हणून सगळं संपलं, असंही नाही. मोठी वाहिनी बंद असेल तर योग्य निवड केलेल्या रुग्णांत २४ तासांपर्यंत तारेने गुठळी काढता येते. डॉन चाचणीने ते २४ तासांपर्यंत, तर डिफ्यूज-३ चाचणीने १६ तासांपर्यंत दाखवलं. म्हणून टीओएफ गाळू नका.

पांढरं ते सगळं लकवा, आणि स्वच्छ ते निर्धोक

डीडब्ल्यूआयवर पांढरा डाग दिसला की लगेच एडीसी, म्हणजे डीडब्ल्यूआयबरोबरच निघणारा जोडनकाशा, पाहा. तिथे तो काळा हवा. तिथेही पांढराच असेल तर बहुधा जुन्या डागाची चमक आहे. फिट आल्यावर किंवा साखर खाली गेल्यावरही मेंदू नव्या लकव्यासारखाच दिसू शकतो. तेव्हा स्कॅनच्या आधी ग्लुकोमीटरने बोट टोचा, अर्धं मिनिट लागतं.

उलट चूक जास्त घातक. शंभरातल्या सातएक लकव्यांत पहिला डीडब्ल्यूआय स्वच्छ असतो, मेंदूच्या मागच्या भागात आणि ब्रेनस्टेममध्ये (मेंदूच्या देठात) तर अधिकच. अचानक गरगरतंय, चालताना तोल जातोय, एक गोष्ट दोन दिसतेय, अशा माणसाला 'एमआरआय नॉर्मल' म्हणून घरी पाठवू नका. रुग्णाच्या प्रत्यक्ष तपासणीवर विश्वास ठेवा, स्कॅन दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

फॉर्म कोण भरतंय?

बोलती बंद झालेला माणूस 'पेसमेकर आहे का?' याला मान डोलावतो. कशालाही डोलावतो. लकव्याच्या रुग्णात सुरक्षेचा फॉर्म त्याला विचारून भरणं म्हणजे न भरणंच. बायकोला विचारा, सुनेला विचारा, छातीवर व्रण चाचपून पाहा. दंडाचा ताईत, साडीची पिन, आंबाड्यातले आकडे, कवळी, ब्लाउजचे हुक, पायाच्या बोटात रुतलेली जोडवी, जरीची साडी: सगळं दाराबाहेर. औषधाचा पॅच चिकटवलेला असेल तर तोही, काहींच्या पाठीला धातू असतो आणि त्वचा भाजते.

१.५ टेस्लाचं मशीन पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट ओढतं आणि स्कॅन चालू नसतानाही ओढतच असतं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात ऑक्सिजन सिलिंडर घेऊन आत गेलेला एक तरुण नातेवाईक मशीनमध्ये ओढला जाऊन दगावला. धावपळीत सिलिंडर नातेवाइकाच्या हाती देऊ नका.

व्हॉट्सॲपवरचा फोटो

खिडकीच्या उजेडात धरलेल्या फिल्मचा तिरका फोटो मला येतो, त्यात एडीसी नसतो आणि फोटो काढणाऱ्याच्या मोबाईलचं प्रतिबिंब असतं. शक्य तिथे मूळ डिजिटल फाइल पाठवा, निदान डीडब्ल्यूआय आणि एडीसी एकाच वेळी पाठवा. फोटो काढताना फिल्मचा कोपरा कापू नका, तिथे स्कॅनची वेळ छापलेली असते. आणि त्या वेळेशेजारी पेनने एवढं लिहा: शेवटचं ठीक कधी पाहिलं, कुणी पाहिलं, आणि त्या माणसाचा फोन नंबर.