आठवा भरला, की लागला?

एमडी बायोकेमिस्ट्रीला नाशकात नव्याने आलात आणि प्रीएक्लॅम्पसियावर (गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार) थिसिस घ्यायचं डोक्यात आहे, तर हे वाचा. एसएफएलटी-1 आणि पीएलजीएफ ही वारेतून रक्तात येणारी दोन प्रथिनं म्हणजे काय, वारेत बिघाड झाला की पहिलं का चढतं आणि दुसरं का उतरतं, हे तुम्हाला माहीत असणार. त्यात शिरत नाही. माझा थिसिस आपटला तो केसपेपरवरच्या 'आठवडे' या एका रकान्यात.

पेठकडची पहिलटकरीण होती. बाळंतपणाला माहेरी आलेली. "कितवा?" विचारलं, तर म्हणाली, "आठवा भरला, मॅडम." मी आठ चोक बत्तीस केलं आणि लिहून मोकळी झाले. एसएफएलटी-1 भागिले पीएलजीएफ, हा रेशो आला 97. चौतीस आठवड्यांच्या आत 85 च्या वर गेलं की पॉझिटिव्ह, चौतीसनंतर तीच रेषा 110 वर जाते. म्हणजे माझ्या तक्त्यात ती पॉझिटिव्ह. दहा दिवसांनी सिन्नरहून तिची सासू आली. हातात कॅरीबॅग, आत चार घड्या घातलेला तिसऱ्या महिन्यातला सोनोग्राफी रिपोर्ट. त्यातल्या सीआरएलवरून (गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी) मोजलं, तर रक्त घेतलं त्या दिवशी 34 आठवडे 5 दिवस झाले होते. बाईचा बीपी शेवटपर्यंत 120/80.

महिना चार आठवड्यांचा नसतो हो! आठ महिने भरले म्हणजे साधारण 243 दिवस, जवळजवळ पावणेपस्तीस आठवडे. आणि 'आठवा लागला' म्हणाली असती, तर सातच भरलेले, म्हणजे तीसच्या जरा पुढे. एका क्रियापदात चार आठवडे इकडचे तिकडे. त्यात काहीजणी शेवटच्या पाळीची तारीख विचारली की पाळी चुकली ती तारीख सांगतात. आणखी चार गेले. नुसता पीएलजीएफ बघणार असाल तरी सुटका नाही. तो साधारण तिसाव्या आठवड्यापर्यंत चढतो आणि मग उतरतो, त्यामुळे आठवडा चुकला की तुम्ही बाईला भलत्याच पट्टीने मोजता. सगळे कागद पुन्हा काढले तेव्हा 31 जणींचा पहिल्या तिमाहीचा रिपोर्टच सापडला नाही. त्या 31 नळ्या उणे 80 च्या फ्रीजरमधून मी स्वतः काढून टाकल्या. त्या रात्री मेसमध्ये जेवले नाही.

म्हणून स्पष्ट सांगते, सीआरएल नसेल तर नमुना घेऊ नका. कितीही मोह झाला तरी. फाइल बहुतेक वेळा सासरी राहिलेली असते. नवऱ्याला फोन लावायला सांगा, रिपोर्टचा फोटो मागवा, माता-बाल संरक्षण कार्ड बघा, आशाताईंना विचारा. "पाळी संक्रांतीच्या आधी आली होती की नंतर?" या प्रश्नाला तारखेपेक्षा खरं उत्तर मिळतं. तरी तो अंदाजच, त्यावर 85-110 लावू नका.

रेशोची आणखी एक रेषा आहे, 38 ची. तिची गोष्ट वेगळी, ती चौतीसच्या आधी आणि नंतर एकच राहते. 2016 च्या प्रॉग्नोसिस अभ्यासात 24 ते 37 आठवड्यांच्या, आजाराचा संशय असलेल्या बायका होत्या. रेशो 38 किंवा कमी असेल, तर पुढचा आठवडा आजार होणार नाही हे 99.3 टक्के खरं ठरलं. उलट बाजूने मात्र 38 च्या वर असलेल्यांपैकी चार आठवड्यांत 36.6 टक्क्यांनाच आजार झाला. व्हायवात (तोंडी परीक्षेत) नवे लोक हमखास इथेच उलटे पडतात. ही 38 ची रेषा मुख्यतः 'सध्या नाही' सांगण्यासाठी आहे.

सीनियरचा जुना सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) उतरवणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय खेळ. उतरवा बापडे, पण आकडे नका उचलू. 38 हा आकडा रोश कंपनीच्या इलेक्सिस चाचणीवरचा, 2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मान्य केलेल्या क्रिप्टॉर चाचणीची रेषा 40 ची. मशीन बदललं की आकडा बदलतो, आणि दोन लॅबचे रिपोर्ट एका तक्त्यात घालणं म्हणजे शेर आणि किलो एकत्र मिळवणं.

गाइडचं म्हणाल, तर मोठ्या नावामागे लागू नका. माझे गाइड सही छान करायचे. शिकवलं ते लॅबमधल्या निवृत्तीला आलेल्या टेक्निशियन काकांनी. नळी किती वेळ उभी ठेवायची, कधी फिरवायची, एकदा वितळलेलं सीरम पुन्हा का गोठवायचं नाही, सगळं. त्यांना चहा पाजा.

घाबरवायला लिहीत नाहीये. 31 गेल्यावरही थिसिस झाला, उशिरा झाला. नंतर मी त्या रकान्याचे दोन केले. एकात सीआरएलवरून काढलेले आठवडे, दुसऱ्यात बाई जे बोलली ते, तिच्याच शब्दांत. परवा ती वही एका ज्युनियरला दिली. तिने पहिलंच विचारलं, "मॅडम, हे 'कांदे काढणीला राहिलं' म्हणजे किती आठवडे?"