बिल्डिंगवरचे लाइट एका तालात आणायचे असतील तर

लाइट शोमध्ये इफेक्ट साधा असला तरी लोकांना चालतो, पण डावीकडची भिंत आधी पेटली आणि उजवीकडची जरा मागून आली की कोणालाही लगेच खटकतं. आणि बहुतेक जण तिथेच चुकतात, आधी रंग आणि इफेक्ट करत बसतात आणि सिंक, म्हणजे सगळे लाइट एकाच क्षणी बदलणं, शेवटच्या दिवशी बघू म्हणतात. उलटं करा. आधी वायरिंग, मग घड्याळ, मग इफेक्ट.

पहिलं काम म्हणजे कागदावर बिल्डिंग काढा आणि प्रत्येक लाइटला नंबर द्या. डीएमएक्स म्हणजे लाइटना हुकूम पाठवायची ठरलेली पद्धत, तिच्या एका युनिव्हर्समध्ये (चॅनलचा एक गठ्ठा) 512 चॅनल असतात, आरजीबी म्हणजे लाल-हिरवा-निळा अशा पिक्सेलला (एक स्वतंत्र दिवा) रंगाला एक असे 3 लागतात म्हणजे एका युनिव्हर्समध्ये 170 पिक्सेल बसतात, वेगळा पांढराही असलेला आरजीबीडब्ल्यू असेल तर 128. कुठला लाइट कुठल्या युनिव्हर्सवर, कुठल्या अ‍ॅड्रेसपासून (त्याचा पहिला चॅनल नंबर), हे लिहून ठेवा, आणि अ‍ॅड्रेस लाइट वर चढवायच्या आधी खाली टेबलावरच सेट करा, नंतर शिडीवर लटकून ते काम करणं नको वाटतं.

डीएमएक्सची वायर एका लाइटमधून दुसऱ्यात अशी साखळीने न्यायची, मध्येच वाय जोडून दोन फाटे काढायचे नाहीत, फाटे हवेच असतील तर स्प्लिटर (सिग्नल वाटून देणारा डबा) लावायचा. एका लाइनवर साधारण 32 च्या वर लाइट नकोत, आणि शेवटच्या लाइटला 120 ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे एक छोटा रेझिस्टर, लावाच. तो नसेल तर सिग्नल टोकाला आपटून परत येतो आणि लाइट मध्येच विनाकारण लुकलुकतात. माझे एकदा दोन रात्री यात गेले, सॉफ्टवेअर तीनदा बदलून बघितलं आणि दोष निघाला त्या एवढ्याशा रेझिस्टरचा.

आता सिंक. पाच-सहा कंट्रोलर (लाइटना डेटा देणारे डबे) असतील तर डेटा आर्ट-नेट किंवा एसएसीएनने, म्हणजे नेटवर्कवरून डीएमएक्स पाठवायच्या पद्धतींनी जातो, पण प्रत्येक कंट्रोलरला आपापलं डेटाचं पाकीट थोडं मागेपुढे मिळतं आणि ज्याला मिळालं तो लगेच दाखवून मोकळा होतो, त्यामुळे मोठ्या भिंतीवर रंग सरकताना मध्ये चीर पडल्यासारखी दिसते. याच्यासाठी आर्टसिंक असतं, म्हणजे सगळ्यांनी डेटा हातात धरून ठेवायचा आणि इशारा आला की एकदम दाखवायचा. एसएसीएनमध्येही अशीच सोय आहे. पण कंट्रोलर ते मानतो का हे घ्यायच्या आधीच बघा, सगळे मानत नाहीत. आणि हा डेटा वायफायवरून पाठवू नका, केबल टाका, प्लीज.

बिल्डिंगी लांब लांब असतील तर सगळा डेटा एका जागेवरून ढकलण्यापेक्षा प्रत्येक कंट्रोलरमध्ये शोची फाइल आधीच भरून ठेवा आणि फक्त वेळ पाठवा. एक मास्टर, बाकी सगळे त्याच्या मागे. फाल्कन प्लेयर या शो चालवायच्या सॉफ्टवेअरचं मल्टीसिंक याच पद्धतीने चालतं, मोठ्या सेटअपमध्ये टाइमकोड (फ्रेमगणिक वेळ सांगणारा सिग्नल) किंवा जीपीएसचं घड्याळ वापरतात. टाइमकोड घेतलात तर फ्रेम रेट सगळीकडे एकच ठेवा, एकीकडे 25 आणि दुसरीकडे 30 असं झालं की घोळ ठरलेला.

अजून एक हिशोब लोक करत नाहीत. डब्ल्यूएस2811 सारख्या चिपच्या पिक्सेलला डेटा एकामागे एक जातो, एका पिक्सेलला साधारण 30 मायक्रोसेकंद, म्हणजे एकाच आउटपुटवर 1000 पिक्सेल लावले की नुसता डेटा जायलाच 30 मिलिसेकंद गेले, आणि तुमचा शो सेकंदाला 40 फ्रेमचा असेल तर एका फ्रेमला मिळतात 25 मिलिसेकंद. ती लाइन कायम मागेच पडणार. 500-600 वर थांबा आणि दुसरा आउटपुट घ्या. लांब लाइनला मध्ये मध्ये पॉवरही द्यावी लागते, नाहीतर टोकाचा पांढरा पिवळट दिसतो आणि वेळ अगदी बरोबर जुळली असली तरी भिंती वेगळ्या वाटतात.

टेस्ट अशी करा. सगळे लाइट काळे, मग एकदम पूर्ण पांढरे, हे दर दोन सेकंदांनी, आणि समोर उभं राहून मोबाईलवर सेकंदाला 240 फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शूट करा. एक फ्रेम म्हणजे सुमारे 4 मिलिसेकंद. व्हिडिओ एक एक फ्रेम पुढे सरकवला की कुठली भिंत उशिरा पेटते ते मोजता येतं, डोळ्याने नुसतं काहीतरी चुकतंय एवढंच कळतं.

गाण्याबरोबर शो असेल तर आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो हे धरून चाला, स्पीकर बिल्डिंगपाशी आणि लोक 100 मीटरवर असतील तर ठेका जवळपास 0.3 सेकंद उशिरा ऐकू येणार. स्पीकर लोकांजवळ आणा, ते जमत नसेल तर लाइट तेवढेच उशिरा पेटतील असं करा, आणि हे लोक उभे राहतात त्या जागेवर जाऊन ऐकून ठरवा, कंट्रोलरपाशी बसून नाही.