वेल्डिंग शिकताना रॉड का चिकटतो?

सरावासाठी मुंबईतल्या दारूखान्याच्या भंगार बाजारातून सहा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीचे तुकडे आणावेत, गंज ग्राइंडरने काढावा आणि अर्थिंगचा क्लॅम्प घासलेल्या, चकचकीत भागावरच लावावा. गॅल्व्हनाइज्ड पाइप सरावाला मुळीच घेऊ नये; जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. २.५ मिलिमीटर जाडीच्या, ६०१३ क्रमांकाच्या वेल्डिंग रॉडला ७० ते ८० अँपिअर करंट पुरतो, तर हेल्मेटला १० नंबरची काळी काच लागते.

काडेपेटीवर काडी ओढतात तसा रॉड ओढायचा आणि ठिणगी पडताच किंचित उचलायचा, हे सगळेच सांगतात. तो पट्टीला चिकटला की मात्र जो तो ‘करंट वाढव’ म्हणतो, आणि हा सल्ला मला साफ अमान्य आहे. भांडुपच्या एका गाळ्यात शिकताना मी करंट इतका वाढवला की पट्टीला भोक पडले, रॉड चिकटायचा तो चिकटतच राहिला. चूक माझ्या हाताची होती. रॉड जळत आखूड होत जातो, त्यामुळे हात नुसता पुढे नेला तर टोक आणि पट्टी यांतले अंतर वाढते, शिंतोडे उडतात, आर्क, म्हणजे टोक आणि पट्टी यांमधली विजेची ज्योत, विझते, आणि मग घाबरून हात एकदम खाली गेला की रॉड चिकटतो. म्हणून हात पुढे नेताना बेताबेताने खालीही उतरवत राहावा आणि अंतर रॉडच्या जाडीएवढेच ठेवावे. ते बरोबर असले की कढईत भजी सोडल्यासारखी सलग चरचर ऐकू येते. नजर लखलखाटावर न ठेवता त्याच्या मागे साचणाऱ्या वितळलेल्या धातूवर ठेवावी, आणि कोपर टेबलावर टेकवावे. अधांतरी हाताने मला महिनाभर एक ओळ सरळ आली नव्हती.

चिकटलेला रॉड मनगटाला झटका देऊन सोडवावा, नाहीच सुटला तर होल्डरची पकड सोडावी. हेल्मेट तोवर वर करू नये.

स्लॅग, म्हणजे जोडावर साचलेले कवच, थंड झाल्यावर चष्मा लावून झाडावा.

पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत रॉडचे आवरण ओल धरते, तेव्हा पुडा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. ओल्या जमिनीवर उभे राहून किंवा ओले हातमोजे घालून काम करू नये. रस्त्याकडेला ग्रिल जोडणारे नुसते डोळे मिटून टाके मारतात, त्यांचे पाहून शिकू नये. आर्कच्या लखलखाटाने डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी रात्री सुरू होते, आणि तेव्हा बटाट्याच्या चकत्या ठेवत न बसता डॉक्टरकडे जावे.